सुट्टीचं घर, कायमचं घर

बहरीनहून महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या माणसाला दिवस पुरत नाहीत. पहाटे घरात पाऊल टाकावं, चहाचा कप हातात घ्यावा, तोवर शेजारी दारात उभे. ग्रामदेवतेला नारळ, बहिणीकडे एक रात्र, बँकेचं काम, दाताचा डॉक्टर, पुतणीचा साखरपुडा, गच्चीची गळती. तिसावा दिवस उजाडतो तेव्हा निम्मी कामं तशीच असतात. बॅग भरताना तो म्हणतो, "एकदा कायमचा आलो ना, की सगळं निवांत करीन."

पंचवीस-तीस वर्षांनी तो खरोखर कायमचा येतो. घर तेच, आंब्याचं झाड तेच, माणसंही बहुतेक तीच. पहिले काही आठवडे सुट्टीसारखेच जातात. मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक गोष्ट घडते, जिची त्याला किंवा घरच्यांना कल्पना नसते. दिवस सरेनासा होतो. वर्तमानपत्र दोनदा वाचून होतं. बँकेत काम नसताना चक्कर होते. दाताच्या डॉक्टरकडे उद्या जाऊ, असं रोज ठरतं. आणि गच्ची गळतच असते.

तीस दिवसांत डझनभर कामं उरकणाऱ्या माणसाला तीनशे दिवस मिळाले, तर एक काम का होत नाही? आळस म्हणून हे कोडं सुटत नाही. तीस वर्षं पहाटे उठून कामावर गेलेला माणूस एका तिमाहीत आळशी होत नाही. उत्तर त्याच्या स्वभावात नाही, नोकरी नावाच्या गोष्टीच्या रचनेत आहे.

तुळईला काय काय टांगलेलं असतं

कोकणातल्या जुन्या घराची तुळई आठवा. ती छप्पर पेलते, एवढंच आपल्या लक्षात असतं. पण त्याच तुळईला झोपाळा असतो, शिंकं असतं, कंदील असतो, लहान मूल घरात असलं तर पाळणाही. उद्या छपराला दुसरा आधार दिला आणि तुळई काढली, तर छप्पर पडणार नाही. पण झोपाळा, कंदील, शिंकं सगळं जमिनीवर येईल.

नोकरीचं तसंच आहे. पगार हे छप्पर. त्याची सोय आपण करतो: मुदत ठेवी, फ्लॅटचं भाडं, मुलांचा हातभार. तुळईला टांगलेल्या बाकीच्या वस्तूंचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

तो हिशेब पहिल्यांदा नीट मांडला गेला व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या छोट्या गावात. गावाचं पोट एका कापडगिरणीवर होतं आणि जागतिक मंदीत ती बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन लोकांचं जगणं बारकाईनं टिपलं. त्यांचं पुस्तक 1933 साली आलं. कोणालाही वाटेल, हाताला काम नाही तर लोक निदान वाचतील. झालं उलटंच. गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली. रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल घड्याळ लावून मोजली, तर पुरुष हळू चालायचे, पुन्हा पुन्हा थांबायचे. बायका मात्र सरळ चालत जायच्या, कारण त्यांचं घरकाम संपलेलं नव्हतं. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना उठणं, जेवणं आणि झोपणं यांपलीकडे फारसं काही आठवेना.

मारिएन्थालमध्ये गरिबीही होती. सन्मानानं निवृत्त झालेल्या, गाठीला पैसा असलेल्या माणसाची तिच्याशी बरोबरी करता येणार नाही. पण याहोडाबाईंनी पुढे त्यातून जो निष्कर्ष काढला तो दोघांनाही लागू पडतो. नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी न मागता देते: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात ओळख आणि हातापायांना नेमानं चालना. न मागता मिळतात म्हणूनच त्या मिळत होत्या, हे त्या गेल्यावर कळतं.

आता सुट्टीचं कोडं पुन्हा पाहा. सुट्टीत माणूस नोकरीवरच असतो. परतीच्या तिकिटावरची तारीख त्याच्या दिवसांना चौकट घालत असते, नावामागे 'बहरीनला असतात' ही ओळख उभी असते. सुट्टीतला निवांतपणा त्याच तुळईला बांधलेला झोपाळा होता.

बहरीनमध्ये सगळं एकाच खुंटीला

सोलापुरात वीज कंपनीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचंही हे सगळं सुटतंच. पण एकतीस तारखेला शाल-श्रीफळ मिळाल्यावर एक तारखेला तो त्याच गल्लीत उठतो. पानवाला तोच, वाचनालय तेच, सकाळी फिरायला येणारा जोडीदारही तोच. बहरीनमध्ये काम थांबतं तेव्हा मुक्कामही हलतो.

कारण तिथलं वास्तव्य नोकरीला जोडलेलं असतं. कंपनीच्या परवान्यावर व्हिसा, व्हिसावर सीपीआर हे ओळखपत्र, आणि त्या कार्डावर घराचा करार, बँकेचं खातं, मोबाईल, दवाखाना. नोकरी संपली, व्हिसा कॅन्सल झाला, की ही माळ एका टोकाकडून ओघळू लागते. 2022 पासून बहरीननं गोल्डन रेसिडेन्सी सुरू केली आहे. पण नोकरीच्या आधारावर ती मिळवायची तर देशात किमान 5 वर्षं वास्तव्य आणि सरासरी 2,000 दिनार मूळ पगार लागतो. फोरमन, टेक्निशियन, अकाउंटंट, दुकानातला सेल्समन यांच्यापैकी फार थोड्यांना ते जमेल. बाकीच्यांसाठी निवृत्ती आणि देशांतर एकाच आठवड्यात येतं.

आणि तो देश काही परका राहिलेला नसतो. बहरीन आणि मुंबई यांचं नातं तेलाहून जुनं आहे. तिथल्या समुद्रातले मोती मुंबईच्या बाजारात यायचे. 1932 साली तिथे तेल लागलं, मग रिफायनरी आली, 1971 मध्ये अल्बाचा ॲल्युमिनियम कारखाना सुरू झाला आणि भारतीय कामगार-कारकुनांची रीघ लागली. 1965 मध्ये दिनार आला तोवर तिथला व्यवहार रुपयात चालायचा. पहिला दिनार दहा रुपयांना बदलून मिळाला. मनामातला इंडियन क्लब 1915 चा, इंडियन स्कूल 1950 ची. तिथे गेलेल्या मराठी माणसाला 'खलास' आणि 'हिशेब' हे शब्द नव्यानं शिकावे लागत नाहीत. अरबीतून ते केव्हाच आपल्याकडे येऊन राहिलेत. ज्या 'कायम'ची तो तीस वर्षं वाट पाहतो, तो शब्दही तिकडचाच.

तीस वर्षांत या बेटावर त्याचं म्हणून एक जग उभं राहतं. गुदैबियातला करक चहाचा गाडा, तंदूरवरची गरम खुबूस, मनामा सूकमधला ओळखीचा सोनार, गणपतीत ढोल वाजवणारी आपली मंडळी, आणि शेजारच्या खोलीतला मल्याळी मित्र. त्या मित्राचंही एक दिवस एक्झिट होणार असतं आणि तो कोझिकोडला जाणार असतो. म्हणजे जुन्या सहकाऱ्यांना भेटायला जायचं म्हटलं, तरी जायची जागा उरत नाही. सोलापूरकराला हे दुःख नाही.

ताणाची बेरीज

1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी डॉक्टरांनी आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, लग्नाला 50. सुखाच्या घटनाही यादीत आहेत, कारण मोजायचा होता तो बदल. दुःखाचं मोजमाप नव्हतं. सुट्टीला त्यांनी 13 गुण दिले आणि निवृत्तीला 45.

बहरीनहून परतणाऱ्याची बेरीज इथे थांबत नाही. निवृत्तीचे 45, आर्थिक स्थितीतल्या बदलाचे 38, राहणीमानातल्या बदलाचे 25, घर बदलल्याचे 20, सामाजिक व्यवहार बदलल्याचे 18, झोपेच्या सवयी बदलल्याचे 16. एकूण 162. दीडशेच्या पुढे गेलेल्या माणसानं तब्येतीकडे लक्ष द्यावं, असं या मोजपट्टीचं सांगणं आहे. मोजपट्टी ढोबळ आहे, एका माणसाबद्दल भाकीत करायला ती वापरू नये. पण एवढं तिच्यातून दिसतं, की 'आता काय, आराम!' असं ज्याला आपण म्हणतो, त्याच्यावर प्रत्यक्षात सहा बदल एकदम आलेले असतात.

घड्याळाला किल्ली कोण देतं

बहरीनचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. तिथे साडेचारला उठणाऱ्याला इथे सुरुवातीला सातला जाग येते. हा फरक आठवड्याभरात मिटतो. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच्या बाजूला, सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका आहे. तेच शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, भूक, अंगाचं तापमान, सकाळी तरतरी आणणारं संप्रेरक, सगळं त्याच्या ठोक्यावर चालतं. गंमत अशी, की हे घड्याळ बहुतेकांच्या बाबतीत चोवीस तासांहून किंचित जास्त वेळ घेतं. आजोबांच्या भिंतीवरच्या घड्याळासारखं ते रोज थोडं मागे पडतं आणि रोज जुळवून घ्यावं लागतं. जुळवण्याचं मुख्य साधन म्हणजे सकाळचा उजेड. जेवणाच्या ठरावीक वेळा, माणसांच्या भेटी आणि अंगमेहनत हे त्याचे मदतनीस.

नोकरी या सगळ्याला न सांगता किल्ली देत असते. मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गिरणीचा भोंगा फक्त कामगारांसाठी वाजत नव्हता. चाळीतली चूल, नळ, शाळेची वेणी-फणी त्याच्यावर चालायची. 1982 च्या संपात भोंगे थांबले तेव्हा अडीच लाख घरांचा पगार बंद झाला, आणि अख्ख्या वस्तीचं घड्याळही. बहरीनमधल्या माणसाचा भोंगा म्हणजे पावणेसहाची कंपनीची बस. घरी आल्यावर बस नाही. मग सकाळ सरकते, नाश्ता सरकतो, दुपारची झोप दोन तासांची होते, रात्री डोळा लागत नाही, आणि पहाटे चारला छताकडे पाहत पडलेला माणूस 'आपल्याला काहीतरी झालंय' असं धरून बसतो. पुष्कळदा त्याला झालेलं एवढंच असतं, की घड्याळाला किल्ली दिलेली नसते.

उपाय साधा आहे: उठल्यावर तासाभरात घराबाहेरच्या उजेडात अर्धा तास चाला, रोज एकाच वेळी. खिडकीतून येणारा उजेड पुरत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या, त्यांना घडी बसायला जास्त दिवस लागतात. त्यांनी चार-सहा आठवडे तरी धीर धरावा. तरीही झोप येईना, जेवण जाईना, कशातच मन लागेना असं राहिलं, तर डॉक्टरकडे जावं. उदासी हा आजार आहे आणि तो बरा होतो.

चौकट : हिशेबाच्या तीन गोष्टी

*इंडेम्निटी.* बहरीनच्या 2012 च्या कामगार कायद्यानुसार परदेशी कामगाराला नोकरी संपताना पहिल्या 3 वर्षांसाठी दर वर्षामागे अर्ध्या महिन्याचा आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एका महिन्याचा पगार मिळतो. 20 वर्षांचे झाले साडेअठरा महिने. मूळ पगार 500 दिनार असेल तर 9,250 दिनार. मार्च 2024 पासून मालकाला हा पैसा दरमहा सामाजिक विमा संस्थेत भरावा लागतो: पहिली 3 वर्षं 4.2 टक्के, नंतर 8.4 टक्के. म्हणजे जुन्या वर्षांचा हिशेब कंपनीकडून आणि नंतरचा या संस्थेकडून घ्यायचा. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय विमानात बसू नका.

*एनआरई खातं.* कायमचं परतल्यावर बँकेला कळवून अनिवासी भारतीयांचं हे खातं निवासी खात्यात बदलावं लागतं आणि त्यावरच्या व्याजाची करमाफी संपते. मात्र आधीच्या 10 पैकी 9 वर्षं अनिवासी असलेल्यांना, किंवा मागच्या 7 वर्षांत भारतात 729 दिवसांपेक्षा जास्त न राहिलेल्यांना, काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथे कर लागत नाही. सीएला आधी भेटा, नंतर नाही.

*आरोग्य विमा.* आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपन्या 3 वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. परतायच्या तीन वर्षं आधीच भारतातली पॉलिसी घेतली, तर हा काळ नोकरीत असतानाच सरतो.

'पाठवलेत पैसे' म्हणणारा माणूस

पाच गोष्टींतली सगळ्यात नाजूक म्हणजे ओळख, आणि आखातातल्या माणसाची ओळख दुहेरी असते. तिकडे तो प्लांटमधला सीनियर, ज्याच्या सहीशिवाय वर्क परमिट निघत नाही. इकडे तो पाठवणारा. दर महिन्याला एक्स्चेंजच्या खिडकीसमोर उभं राहायचं, पावती खिशात घालायची आणि घरी फोन करायचा: "पाठवलेत. बघ आले का." या चार शब्दांवर भावाचं घर बांधलं गेलं, मुलांच्या फिया भरल्या, आईचं ऑपरेशन झालं. तो घरात नसायचा, पण महिन्यातून एकदा त्या फोनमुळे असायचा.

परतल्यावर पाठवायचं काही उरत नाही. घरात तर तो चोवीस तास असतो, पण त्याच्या असण्याचा अर्थ त्यालाच शोधावा लागतो.

आणि घर रिकामं वाट पाहत नसतं. आखातात बायको-मुलांशिवाय राहणाऱ्या विवाहित माणसालाही 'बॅचलर'च म्हणतात. कुटुंब न्यायला पगाराची अट असते आणि अनेकांना ती गाठता येत नाही. अशा बॅचलरच्या बायकोनं तीस वर्षं एकटीनं संसार चालवलेला असतो. गॅसचा नंबर, वायरमन, शाळेतले बाई-मास्तर, सासूचं औषध, दिराशी जमिनीचा वाद हे सगळं तिनं निभावलं. तिची व्यवस्था लिहिलेली कुठेच नाही, पण ती बिनचूक चालते.

समजा, प्लांटच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलेला एक गृहस्थ परत आला आणि चौथ्या आठवड्यात त्यानं कोठीची फळी लावायला घेतली. सगळे डबे उतरवले, धुतले, उंचीनुसार मांडले, मार्करनं नावं घातली. दुपारी बायको आत गेली. आमटी उकळत होती आणि हिंगाची डबी सापडेना. ती एवढंच म्हणाली, "अहो, ते होतं तसंच असू द्यायचं होतं." तो दुखावला. तिलाही वाईट वाटलं. यात चूक कोणाचीच नाही. डब्यांची ती मांडणी वरवर अस्ताव्यस्त दिसत होती, पण ती तिच्या हाताच्या वळणानं ठरलेली होती. चालत्या कारखान्यात नवा माणूस पहिल्याच महिन्यात यंत्रं हलवत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

माझं स्पष्ट मत आहे: परतणाऱ्यानं पहिले सहा महिने घरात शिकाऊ म्हणून राहावं. विचारावं, पाहावं, सोबत बाजारात जावं. आणि एक काम पूर्णपणे स्वतःकडे मागून घ्यावं, सल्ला देण्यासाठी नव्हे, जबाबदारी म्हणून. वीजबिल, बाग किंवा नातवाची शाळेची ने-आण चालेल. घरच्यांनीही ते त्याच्याकडून काढून घेऊ नये.

एका खुंटीऐवजी पाच

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी 1976 मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला मधुचंद्र, मग हिरमोड, मग नव्यानं दिशा शोधणं, आणि शेवटी घडी बसणं. सगळेच या क्रमानं जात नाहीत. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली ती खिन्नता हा एक टप्पा असतो, मुक्काम नसतो, हे आधी माहीत असलं तर भीती निम्म्यानं कमी होते.

दिशा शोधताना लोक एक चूक हमखास करतात. एका तुळईच्या जागी दुसरी तुळई शोधतात: दुकान टाकतात, फार्महाऊस घेतात, इंडेम्निटीचा सगळा पैसा एका धंद्यात ओततात. गेलेली तुळई पंचवीस वर्षांत घडलेली होती. नवी तीन महिन्यांत घडत नाही. त्यापेक्षा पाच वस्तूंसाठी पाच लहान खुंट्या ठोकाव्यात. सकाळच्या चालण्याला एक, घरातल्या त्या कामाला एक. तिसरी अशा ठिकाणी, जिथे आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी जायचंच. चौथी हातातल्या कसबासाठी. तीस वर्षं फायर सेफ्टी केलेल्या माणसानं गावच्या गणेश मंडळाचा मांडव आणि वायरिंग एकदा तपासून दिलं, तर गावाची केवढी सोय होते. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून जवळच्या आयटीआयमधल्या मुलांना जे शिकायला मिळेल, ते पुस्तकात नाही. पाचवी खुंटी तुमची एकट्याची. तबला असेल, मोडी लिपी असेल, नाहीतर अर्धवट राहिलेलं पोहणं.

जागा निवडताना एक कसोटी लावा. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत, तर कोणी 'का आला नाहीत?' असं विचारेल का? विचारणारं असेल तर ती खुंटी पक्की. नोकरीत हजेरीचं हेच तर काम होतं.

यातल्या दोन खुंट्या तरी बहरीनला असतानाच ठोकता येतात. शेवटच्या दोन सुट्ट्या पाहुणा म्हणून घालवू नका. एका सुट्टीत वाचनालयाचे सभासद व्हा, भजनी मंडळात बसा, आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून या. आणि गच्चीच्या गळतीला तारीख द्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात गवंडी येणार असं त्याच्याशी ठरवून, इसार देऊन परत जा. तारीख नसलेलं काम सुट्टीतही होत नव्हतं आणि नंतरही होत नाही.

शेवटी एक विनंती, जे अजून बहरीनमध्ये आहेत त्यांना. 2006 पासून तिथली सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे. शुक्रवारी सकाळी तुम्ही निवांत असता, करक घेऊन घरी फोन लावत बसता. इथे मात्र शुक्रवार कामाचा दिवस. मुलगा ऑफिसला, सून ऑफिसला, नातवंडं शाळेत. परतलेल्या तुमच्या मित्राच्या अंगात तीस वर्षांचा शुक्रवार अजून मुरलेला असतो आणि त्या सकाळी घरात कोणी नसतं. इकडे साडेदहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे आठ झालेले असतात. त्याला फोन करा.